पुढून एक, मागून तीस

इंग्लंडमधल्या बाथ शहरात 'रॉयल क्रेसेंट' पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो एखाद्या उमरावाचा राजवाडा वाटतो. हिरवळीसमोर कमानीसारखी वळत गेलेली मधाळ रंगाची दगडी इमारत आणि तळमजल्याच्या वर दोन मजले व्यापणारे 114 आयोनिक खांब. प्रत्यक्षात ती एकमेकांना खेटून उभी असलेली 30 घरं आहेत. वास्तुविशारद धाकट्या जॉन वुडने 1767 मध्ये काम सुरू केलं, 1775 च्या सुमारास ते पुरं झालं. पण वुडने ठरवून दिलं ते मुख्यतः दर्शनी रूप. ताग्यातून कापड मोजून घ्यावं तशी गिऱ्हाइकाने दर्शनी भिंतीची लांबी घ्यायची आणि तिच्यामागे आपल्या वास्तुविशारदाकडून हवं तसं घर बांधून घ्यायचं.

मला विचाराल तर खरी मजा मागच्या गल्लीत. तिथे छपरांच्या उंचीचा मेळ नाही, कुठे भिंत पुढे आलेली, कुठे मागे सरलेली, खिडक्या जमतील तिथे. पुढे बाथचा चुनखडी दगड गुळगुळीत घडवून बारीक सांध्यांनी बसवलेला, मागे ओबडधोबड. दगडावरचा खर्च जिथे नजर पडते तिथेच. बाथला लोक गरम झऱ्यांच्या पाण्यासाठी येत, हंगामापुरतं घर भाड्याने घेत आणि मिरवत. भाडं एका घराचं, थाट राजवाड्याचा!

आतली उतरंड मात्र त्या काळच्या बहुतेक सगळ्या जॉर्जियन घरांत तीच. रुंदी बेताची, म्हणून घर उभं वाढतं. तळमजल्यावर जेवणाचं दालन, पहिल्या मजल्यावर पाहुण्यांची बैठक, वर निजायच्या खोल्या, छपराखाली नोकर. पहिल्या मजल्यापासून जसजसं वर जावं तसतशी छतं खाली येतात. बाहेरून नुसत्या खिडक्यांची उंची पाहिली तरी कोणत्या मजल्याचा मान मोठा ते कळतं.

1 क्रमांकाच्या घरात आज संग्रहालय आहे. तिथलं तळघरातलं स्वयंपाकघर चुकवू नये. विस्तवासमोर सळईत खोचलेलं मांस सारखं फिरतं राहावं म्हणून वर भिंतीला लाकडी चाक लावलेलं आहे. त्या काळी असल्या चाकात आखूड पायांचं कुत्रं सोडत. ते धावायचं, दोरीने सळई फिरायची, आणि वर जेवणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसायचा.

दर्शनी एकसारखेपणा सांभाळणं हे इथलं कायमचं दुखणं. व्हिक्टोरियन काळात हवेशीर दिसावं म्हणून अनेकांनी पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या खालपर्यंत उतरवल्या आणि छोट्या तावदानांऐवजी मोठ्या काचा बसवल्या. पुढे 1 क्रमांकाच्या घराचा जीर्णोद्धार करताना खिडक्या मूळ मापाच्या केल्या, तर तेच घर रांगेत वेगळं दिसू लागलं. याबद्दल फारसा गहजब झाला नाही. गहजब झाला तो 22 क्रमांकाच्या दारावरून. 1970 च्या दशकात तिथल्या मालकीणबाईंनी दार पिवळं रंगवलं. पालिकेने ते पांढरं करा म्हणून नोटीस धाडली. बाई हटल्या नाहीत. प्रकरण थेट पर्यावरणमंत्र्यांपर्यंत गेलं, आणि निकाल पिवळ्या रंगाच्या बाजूने लागला.