कोपऱ्यातली पांढरी डबी आणि विदर्भातला मे महिना

दुकान असो, बँक असो की कुणाचे घर, आत शिरलो की माझी नजर आधी छताखालच्या कोपऱ्यात जाते. तिथे मुठीएवढी पांढरी डबी असते, पुढे दुधी रंगाचा फुगीर पडदा असलेली. हा पीआयआर सेन्सर. चोरीचा इशारा देणाऱ्या साऱ्या उपकरणांत मला तो सर्वांत विलक्षण वाटतो. तो स्वतः ना किरण सोडतो ना आवाज. अंधारात फक्त माणसाच्या अंगाची ऊब टिपतो.

इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ऑगस्टस पोप यांनी १८५३ मध्ये दार-खिडकी उघडताच विजेने घंटा वाजवणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले. एडविन होम्स यांनी त्याचे हक्क विकत घेऊन धंदा उभारला. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेला आणि तिच्या पतीला कॅमेऱ्यासह घरगुती सुरक्षायंत्रणेचे पेटंट मिळाले.

आता डबीकडे वळू. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३३-३४ अंश सेल्सिअस असते. एवढ्या उबेतून निघणारे अवरक्त किरण ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत प्रखर असतात. साधी काच ते अडवते, म्हणून डबीचा पडदा पॉलिथिनचा असतो. याच कारणाने खिडकीच्या काचेपलीकडचा माणूस या सेन्सरला दिसत नाही. पडद्याच्या आतल्या बारीक रेघा म्हणजे फ्रेनेल भिंगे. ऑग्युस्तँ फ्रेनेल यांनी ही रचना दीपगृहांसाठी केली आणि १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात ती बसली. तिथे एका दिव्याचा उजेड समुद्रावर दूर फेकायचा होता, इथे खोलीभरची ऊब एका इवल्या स्फटिकावर गोळा करायची असते. तीच युक्ती उलट्या दिशेने चाललेली पाहून मी आजही हरखतो.

आत दोन घटक परस्परविरुद्ध जोडलेले असतात. खोली सावकाश तापली तर दोघांवर सारखाच परिणाम होतो आणि हिशेब शून्य राहतो. माणूस चालू लागला की भिंगांनी पाडलेले पट्टे ओलांडतो. ऊब आधी एका घटकावर, मग दुसऱ्यावर पडते आणि इशारा जातो. म्हणून आडवा चालणारा चटकन सापडतो, तर डबीच्या रोखाने सरळ येणारा उशिरा. जाणता कारागीर डबी दारासमोर न लावता दारातून येणारी वाट आडवी पडेल अशा कोपऱ्यात लावतो.

सेन्सरला माणूस दिसतो तो भिंतीपेक्षा वेगळ्या तापमानाचा असतो म्हणून. पुण्यातल्या डिसेंबरच्या रात्री हा फरक भरपूर असतो. अकोल्यात मे महिन्यात पत्र्याचे गोदाम दिवसभर तापते आणि रात्री निवताना भिंती नेमक्या ३३-३४ अंशांपाशी येतात. अशाच एका गोदामात मालकांच्या परवानगीने मी चालून पाहिले. डबीवरचा लाल दिवा पेटेपर्यंत मी जवळजवळ मधल्या पोत्यांपर्यंत पोचलो होतो! भिंती अंगापेक्षा बऱ्याच तापल्या असतील, तर माणूसच थंड ठरतो आणि पुन्हा दिसू लागतो.

चांगल्या सेन्सरमध्ये तापमानानुसार संवेदनक्षमता बदलण्याची सोय असते. गरम गावांत तेवढे पैसे जरूर मोजावेत. मायक्रोवेव्ह जोडलेला दुहेरी सेन्सर मात्र यावर औषध नव्हे. त्यात बहुधा दोघांचे एकमत झाल्यावरच भोंगा वाजतो. पाल किंवा झुळकीने हलणाऱ्या खिडकीच्या पडद्यामुळे होणारे खोटे इशारे त्याने कमी होतात; न दिसलेली ऊब न दिसलेलीच राहते.

काच फुटल्याचा आवाज ओळखणारे, तिजोरीच्या भिंतीतली थरथर टिपणारे, बँकेच्या काउंटरखालचे पॅनिक बटण, हे प्रकार आपापल्या जागी उत्तम. पण उन्हाळ्यात माझा भरवसा दाराच्या चुंबकीय कॉन्टॅक्टवर. काचेच्या नळीत दोन पातळ पात्या, समोर चुंबक. दार उघडले की चुंबक दूर जातो, पात्या सुटतात, सर्किट तुटते. बंद सर्किटच्या या पद्धतीत कुणी वायर कापली तरी भोंगा वाजतो, आणि उन्हाळ्याने त्यात काही फरक पडत नाही.

यंत्रणा बसवणाऱ्याकडून चालण्याची चाचणी करून घ्याच, पण ती मे महिन्यातल्या रात्री, शटर ओढून आणि पंखे बंद ठेवून. लाल दिवा उशिरा पेटला तर डबीची जागा बदलायला सांगा, आणि प्रत्येक दाराला, शटरला कॉन्टॅक्ट लावून घ्या.