पिवळ्या झेंड्याखाली

पुण्याच्या बाह्यवळणावरून साताऱ्याकडे उतरणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ हा कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळुरू ही शहरे मागे टाकीत थेट चेन्नईपर्यंत जातो, आणि चेन्नई चाळीसएक किलोमीटर उरली असता, श्रीपेरुंबुदूरच्या पुढे, इरुंगट्टुकोट्टै नावाच्या वस्तीजवळ केवळ मोटारींच्या शर्यतींसाठी बांधलेला ३.७१७ किलोमीटर लांबीचा एक बंदिस्त मार्ग आहे. माझा भाचा, जो आठवड्याचे सहा दिवस पुण्यातील एका कचेरीत हिशेबतपासणीचे काम करतो, गेली चार वर्षे वर्षातून दोन-तीन वेळा या मार्गासाठी बाराशेएक किलोमीटरचा प्रवास करून जातो, तीन दिवस शर्यतीत घालवतो आणि मंगळवारी सकाळी पुन्हा कामावर रुजू होतो. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, मला सांगितले, ‘‘तू एकदा त्याच्याबरोबर जाऊन ये आणि हे नेमके काय आहे ते मला नीट समजावून सांग.’’ तिला जे सांगितले तेच येथे थोडे विस्ताराने लिहीत आहे.

मोटारशर्यत म्हणजे बेफामपणाला दिलेली मोकळीक, असा माझाही समज होता, आणि तो पहिल्याच दुपारी ढळला. मार्गाच्या फाटकाशी गेल्याबरोबर प्रथम हजर करावी लागतात ती कागदपत्रे: भारतातील या खेळाचे नियमन करणाऱ्या महासंघाने, म्हणजे एफएमएससीआयने, दिलेला स्पर्धकाचा परवाना, डॉक्टरांचा दाखला, रक्तगटाची नोंद, आणि जे काही घडेल त्याची जोखीम मी समजून-उमजून पत्करीत आहे असे सहीनिशी लिहून दिलेले हमीपत्र. सामान्य रस्त्यावर वाहन हाकणारा माणूस कायद्याखाली असतो तो नाइलाजाने. येथे येणारा माणूस पदरचे पैसे भरून, आपल्या खुशीने, त्याहून कितीतरी अधिक कडक कायद्याखाली स्वतःला नेऊन ठेवतो. हौशी चालकाच्या या खेळाचे मर्म मला त्यात दिसले.

आपल्याकडे हा खेळ नवा नाही. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना १९५३ सालची; त्या क्लबच्या शर्यती दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या शोलावरमच्या धावपट्टीवर होत, तशाच शर्यती बंगालमध्ये बराकपूरला आणि मुंबईत जुहूच्या धावपट्टीवरही होत असत. इरुंगट्टुकोट्टैचा मार्ग १९९० मध्ये खुला झाला. परंतु मध्यमवर्गीय माणसाला या खेळाचे दार ज्यांनी उघडून दिले, त्यांत कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल, कारण परदेशी बनावटीच्या महागड्या गाड्यांची वाट पाहत न बसता त्यांनी मारुती ८०० चे इंजिन वापरून एकाच आसनाची शर्यतीची गाडी सिद्ध केली आणि तरुणांच्या हाती दिली. १९९५ मध्ये विमान अपघातात त्यांचा अंत झाला. कोइमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाचा आहे. पुढे २०१० साली चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन पोलोच्या नावाने एकाच बनावटीच्या गाड्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा या खेळाशी पुण्याचेही नाते जुळले.

भाच्याची गाडी म्हणजे एक जुनी मारुती एस्टीम. आतली मागची आसने, गालिचे, दारांचे अस्तर, गाणी ऐकण्याचे यंत्र, सारे काढून टाकलेले. त्याजागी पोलादी नळ्यांचा पिंजरा, ज्याला रोल केज म्हणतात, आणि एकच खोलगट आसन. शुक्रवारी दुपारी या गाडीची तपासणी झाली. साठीच्या घरातले, चष्मा कपाळावर सरकवलेले एक तपासनीस गाडीत वाकले. त्यांनी खांद्यावरचा पट्टा मुठीत धरून दोन वेळा जोराने ओढला, मग त्याची शिवण अंगठ्याने चाचपली, आणि शेवटी पट्ट्याच्या टोकावरची चिठ्ठी उलटून तिच्यावर छापलेले साल वाचले. कारण पट्टा कितीही शाबूत दिसला तरी त्याची मुदत संपली की तो बाद. अंगरख्याच्या मानेमागे भरतकाम केलेला मानकाचा क्रमांक, शिरस्त्राणाच्या आतली पट्टी, गाडीबाहेरून ओढून इंजिन बंद करता येईल असा खटका, आग विझवण्याचे नळकांडे, हे सर्व त्यांनी तितक्याच सावकाशीने पाहिले. भाचा विद्यार्थ्यासारखा शेजारी उभा होता. चाळीस मिनिटांनी गाडीच्या काचेवर मंजुरीचा शिक्का चिकटला, तेव्हा कुठे ती गाडी मार्गावर जाण्यास लायक ठरली.

त्या सामानात गळपट्ट्यासारखी एक टणक वस्तू होती, जिचे दोन बाहू छातीवर येतात आणि जिच्या दोऱ्या शिरस्त्राणाला जोडतात. हिला हान्स म्हणतात. वेगाने जाणारी गाडी भिंतीवर आदळते तेव्हा पट्टे धडाला धरून ठेवतात, पण डोके मात्र पुढे फेकले जाते, आणि कवटीच्या तळाशी होणारी इजा प्राणघातक ठरते. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, शर्यतीचे चालक जिम डाउनिंग, यांनी एका स्नेह्याच्या अशाच मृत्यूनंतर १९८० च्या दशकात या साधनाची रचना केली. वर्षानुवर्षे चालकांनी ते अवघड म्हणून नाकारले. फॉर्म्युला वनमध्ये ते सक्तीचे झाले २००३ मध्ये. बहिणीला मी सर्वांत आधी या वस्तूविषयीच सांगितले.

आता प्रत्यक्ष वाहन चालवण्याविषयी. शुक्रवार, शनिवार आणि रविवार या तीन दिवसांत सराव, सुरुवातीचा क्रम ठरवणारे क्वालिफाइंग आणि दोन शर्यती मिळून भाचा मार्गावर होता तो जेमतेम दीड तास. बाकीचा सारा वेळ गेला तो तयारीत, वाट पाहण्यात आणि एकाच वळणाचा विचार करण्यात. सरळ पट्टीवर त्याची गाडी दीडशेच्या घरात जाते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ४२ मीटर. ब्रेक दाबण्यास अर्धा सेकंद उशीर झाला तर गाडी २१ मीटर पुढे गेलेली असते. शिवाय वेग दीडशेवरून पंचाहत्तरवर आणला म्हणजे गाडीतली निम्मीच शक्ती काढली असे वाटते, परंतु गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्यामुळे प्रत्यक्षात तीन-चतुर्थांश ऊर्जा ब्रेकच्या तबकड्यांना उष्णतेच्या रूपाने गिळावी लागते. म्हणून ब्रेक कोठे दाबायचा याची खूण चालक मार्गाकडेच्या फलकावर, डांबराच्या जोडावर, प्रसंगी एखाद्या झाडाच्या सावलीवरही ठेवतात; भाच्याने सावलीवर कधी विसंबू नये हे पहिल्याच वर्षी शिकून घेतले, कारण सकाळची सावली दुपारी तेथे राहत नाही.

वळणाचे गणित टायरवर चालते. टायरची पकड ठरावीक मिळकतीसारखी असते. ती थांबण्यासाठी खर्चावी, वळण्यासाठी खर्चावी, की पुढे ओढण्यासाठी, हे चालकाने ठरवायचे, पण एकूण खर्च मिळकतीपलीकडे गेला की गाडी घसरलीच. एस्टीमसारख्या गाडीत ही तिन्ही कामे मुख्यतः पुढच्या दोन चाकांवर पडतात, आणि ती थकली म्हणजे सुकाणू फिरवूनही गाडी वळणाच्या बाहेरच्या अंगाला सरळ निघते. म्हणून ब्रेकचे काम बव्हंशी सरळ रेषेत उरकायचे, पायाचा दाब सोडत सोडत गाडी आत घ्यायची, वळणाच्या आतल्या टोकाला चाटून जायचे आणि मग सुकाणू सरळ होत जाईल तसतसे इंजिनाला बळ द्यायचे. सकाळी थंड टायरमध्ये २६ पौंड हवा भरली होती. सरावातून परतल्यावर मेकॅनिकने मोजली तर ती ३२ वर गेलेली. त्याने दोन पौंड सोडले, वहीत लिहिले, आणि तळहात टायरवर ठेवून म्हणाला, ‘‘दादा, डावा पुढचा जास्त तापतोय. तिसऱ्या कॉर्नरला तुम्ही हात जास्त फिरवताय.’’ गाडी त्याने चालताना पाहिली नव्हती, ती पिटच्या, म्हणजे गाड्यांची देखभाल होते त्या जागेच्या, भिंतीआड होती. टायरवरूनच त्याने ते ओळखले. विद्येचे असे रूप मला फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळाले आहे.

खर्चाची गोष्टही सांगितली पाहिजे. टायर, पेट्रोल, प्रवेशशुल्क, गाडी ट्रकवर घालून नेण्याचे भाडे, या सर्वांपायी भाच्याने स्वतःची रोजची मोटार विकून स्कूटर वापरायला घेतली. बक्षिसाने यातले काही भरून निघत नाही आणि कोणी भरून निघेल अशी आशाही बाळगीत नाही. २००५ साली कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेला पहिला भारतीय ठरला, तेव्हा पुष्कळ मुलांच्या मनात ती वाट उजळली असेल. पण पस्तिशी ओलांडलेल्या हिशेबनिसाला ती वाट नाही हे त्याला ठाऊक असते, आणि तरीही तो येतो, म्हणून मला त्याच्या हौसेविषयी आदर वाटतो.

शर्यतीच्या राज्याची राजभाषा झेंड्यांची. गोंगाटात आवाज पोहोचत नाही, म्हणून मार्गाच्या कडेने ठरावीक ठिकाणी मार्शल उभे असतात, बहुतेक महाविद्यालयीन मुले, स्वयंसेवक म्हणून आलेली, कडक उन्हात दिवसभर उभी. निळा झेंडा म्हणजे मागून अधिक वेगवान गाडी येत आहे, तिला वाट द्या. पिवळ्यावर तांबडे पट्टे म्हणजे मार्ग निसरडा आहे. काळ्यावर नारिंगी गोल आणि आपला क्रमांक दिसला तर गाडीत बिघाड आहे, तत्काळ पिटमध्ये या. लाल म्हणजे शर्यत थांबली. आणि पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा, आणि पुढच्या हिरव्या झेंड्यापर्यंत कोणालाही मागे टाकण्यास सक्त मनाई. कारण त्या पिवळ्याच्या पलीकडे एखादी गाडी आडवी पडलेली असते आणि तिच्या चालकाला बाहेर काढण्यासाठी माणसे उघड्यावर धावलेली असतात.

रविवारची दुसरी शर्यत आठ फेऱ्यांची होती. पाच लाल दिवे एकामागून एक पेटले, क्षणभर तसेच राहिले, विझले, आणि वीस गाड्या एकदम सुटल्या. मी पिटच्या भिंतीशी घड्याळ घेऊन उभा होतो. पहिल्या फेरीत भाचा आठवा, तिसरीत सातवा. दर फेरीला दोन मिनिटांच्या आसपास लागत होते आणि प्रत्येक वेळी तो समोरून गेला की पुढच्या गाडीच्या मागे अधिकाधिक चिकटलेला दिसे, कारण पुढची गाडी हवा कापते आणि तिच्या मागच्या पोकळीत मागची गाडी ओढली जाते. सहाव्या फेरीत एक गाडी फिरून गवतात गेली, आणि त्याच फेरीत भाच्याने एका वळणाच्या तोंडाशी दोन गाड्या मागे टाकल्या. तो पाचवा आला. बाहेर ३६ अंश, आत त्याहून कितीतरी अधिक. तीन पदरी अंगरखा पिळून काढावा इतका भिजलेला. त्याने शिरस्त्राण काढले, ताकाचा पेला एका दमात संपवला, पण तो हसला नाही.

अर्ध्या तासाने स्टुअर्डांचे बोलावणे आले. स्टुअर्ड म्हणजे शर्यतीचे न्यायाधीश. टेबलामागे तिघे बसले होते आणि त्यांच्यापुढे एका मार्शलचा लेखी अहवाल होता. मला दाराशी उभे राहण्याची परवानगी मिळाली. पिवळा झेंडा फडकत असताना आपण गाडी मागे टाकली काय, असे विचारण्यात आले. पुढच्या गाडीआड झेंडा झाकला गेला होता असे तो सांगू शकला असता, आणि ते सर्वस्वी खोटेही ठरले नसते. त्याने सांगितले की झेंडा दिसला. उशिरा दिसला, ब्रेक सोडल्यावर दिसला, पण दिसला, आणि त्यानंतर जागा परत देता आली असती ती त्याने दिली नाही. त्याच्या वेळेत २५ सेकंद मिळवण्यात आले आणि पाचव्याचा नववा झाला. त्याने निकालाच्या कागदावर सही केली आणि बाहेर येऊन मला म्हणाला, ‘‘मामा, आईला फोन करतो. नववा आलो म्हणून सांगतो, आणि का तेही सांगतो.’’

संध्याकाळी मार्ग बंद झाल्यावर परवानगी घेऊन आम्ही दोघे त्या वळणापर्यंत चालत गेलो. डांबर अजून तापलेले होते आणि कडेला घासल्या गेलेल्या रबराच्या काळ्या गोळ्या बुटाखाली चिरडत होत्या. चौकीवर एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा झेंड्यांच्या काठ्या बांधीत होता. अहवाल त्याचाच होता, आणि आम्ही येताना पाहून तो जरा बावरला. भाच्याने त्याच्याशी हात मिळवला आणि तुझ्या जागी थोडा वेळ उभा राहू का, असे विचारले. तेथून सरळ पट्टीचे टोक अगदी स्वच्छ दिसत होते. मग तो खाली उतरला, चौकीसमोरच्या पांढऱ्या रेघेपासून जेथे त्याने पहिली गाडी मागे टाकली होती तेथपर्यंत पावले मोजीत गेला आणि मोजीत परत आला. चौऱ्याण्णव भरली. त्या मुलाने हातातला पिवळा झेंडा पुन्हा उलगडून त्याला दाखवला, घडी घातली, आणि इतर झेंड्यांबरोबर पेटीत ठेवला.