पाठ्यसाहित्याची सुलभता : दिसणारी लिपी आणि साठवलेला मजकूर

दिव्यांग विद्यार्थ्यांचा विचार करताना महाविद्यालयांना प्रथम उतार, उद्वाहन आणि लेखनिक आठवतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले असून शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. मात्र प्रवेशानंतर हाती येणारी टिपणे विद्यार्थ्याला वाचता येतात का, हा प्रश्न आपण मराठीचे अध्यापक क्वचितच विचारतो.

काही वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या एका दृष्टिहीन विद्यार्थ्याला मी ध्वनिविचारावरील टिपणांची फाइल पाठवली. ठाण्याला येताना, लोकलच्या दिव्यांगांसाठीच्या डब्यात, मोबाइलवरील वाचक प्रणालीच्या साहाय्याने तो ती ऐकणार होता. त्याला ऐकू आली ती इंग्रजी अक्षरांची निरर्थक मालिका. परीक्षा चार दिवसांवर आली होती आणि चूक सर्वस्वी माझी होती.

असे का घडले? मी ‘कृतिदेव’ या जुन्या फाँटमध्ये टंकलेखन केले होते. अशा फाँटमध्ये पडद्यावर ‘मराठी’ दिसते. संगणकात मात्र ई, जे, के, बी, एच या रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असतात. डोळा आकृती पाहतो, तर वाचक प्रणाली संकेत वाचते. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला व चिन्हाला स्वतंत्र संकेत आहे.

भाषेच्या अभ्यासकाने येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ‘किती’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या आधी दिसते, पण उच्चारात ‘इ’ नंतर येतो. जुना फाँट दिसण्याचा क्रम साठवतो, युनिकोड उच्चाराचा. भारती ब्रेलमध्येही स्वरचिन्ह व्यंजनानंतरच येते. म्हणजे दृष्टिहीन वाचकाची लिपी उच्चाराच्या अधिक जवळ आहे, आणि ध्वनिविचार शिकवताना आपण हे सांगतही नाही!

छापील पानाचे छायाचित्र पीडीएफ म्हणून पाठवणे हाही उपाय नव्हे. त्यात अक्षरे नसतात, केवळ चित्र असते. उच्चारस्थानांची आकृती दिली, तर जिभेचा कोणता भाग कोठे टेकतो हे शब्दांतही सांगावे. शीर्षके केवळ ठळक न करता शीर्षक-शैलीत द्यावीत, म्हणजे ऐकणाऱ्याला थेट हव्या त्या भागावर जाता येते.

प्रताधिकाराची भीती अनेकदा पुढे केली जाते. तथापि २०१२ च्या दुरुस्तीनुसार दिव्यांग व्यक्तींसाठी पुस्तकाचे सुलभ रूपांतर ना-नफा तत्त्वावर करता येते.

त्या विद्यार्थ्यासाठी मी दोन रात्री बसून टिपणे पुन्हा टंकित केली. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला : ‘‘सर, ‘मूर्धन्य’च्या व्याख्येत एक शब्द सुटला आहे.’’ डोळसांच्या तीन तुकड्यांनी तीच टिपणे वापरली होती.

स्वयं-अध्ययन : आपल्या अभ्यासकेंद्रातून मिळालेली एखादी फाइल मोबाइलवर डोळे मिटून ऐका. जेथे अर्थ तुटतो, तेथे कारण संकेतनाचे, चित्राचे की मांडणीचे, ते नोंदवा.