लम्पी आजारात झाडपाल्याचे औषध : कुठे उपयोगी, कुठे अपुरे?

पावसाळ्यात डास, चावणाऱ्या माश्या आणि गोचीड वाढले की लम्पी चर्मरोगाची भीती सुरू होते. २०२२ मध्ये महाराष्ट्रातील अनेक गोठ्यांनी त्याचा फटका सोसला. हा आजार विषाणूमुळे होतो आणि त्या विषाणूला थेट मारणारे खात्रीचे औषध अजून हाती नाही. त्यामुळे अनेक पशुपालक हळद, कडुनिंब, तुळस, विड्याची पाने यांकडे वळतात. या उपायांचा फायदा नेमका कुठे होतो, हे समजून घ्या.

वनस्पतीतील घटक काय करतात?

लम्पीचा विषाणू देवीच्या गटातील असून त्याला मेदयुक्त आवरण असते. तुळस, लवंग, ओवा यांच्या तेलातील घटक असे आवरण बिघडवू शकतात. झाडांच्या सालीत व पानांत असणारे टॅनिन विषाणूच्या बाहेरील प्रथिनांना चिकटते. त्यामुळे विषाणूला पेशीत शिरणे अवघड जाते. लाळ्या-खुरकूतच्या विषाणूला मात्र असे आवरणच नसते. म्हणून एका आजारात चाललेला पाला दुसऱ्यातही चालेल असे धरू नका.

हे परिणाम बहुतेक प्रयोगशाळेत, पेशींवर दिसलेले आहेत. गाईच्या पोटात चित्र बदलते. कोठीपोटातील सूक्ष्मजीव यातील बरेच घटक मोडून टाकतात. हळदीतील कुरकुमीन तर रक्तात फारच कमी उतरते. त्यामुळे पाला खाऊ घातला की विषाणू मरतो, असे म्हणता येत नाही.

मग उपयोग कशासाठी?

पूरक उपचार म्हणून. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने (एनडीडीबी) लम्पीसाठी पारंपरिक पशुवैद्यकातील उपाय सुचवले आहेत.

पोटातून :
• विड्याची पाने १०, काळी मिरी १० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम वाटून गुळात मिसळा. हा एक डोस झाला.
• पहिल्या दिवशी दर तीन तासांनी एक डोस द्या. दुसऱ्या दिवसापासून दोन आठवडे दिवसातून तीन वेळा द्या.
• प्रत्येक वेळी ताजे वाटा आणि थोडे थोडे चाटवा. बाटलीने ओतू नका. ठसका लागून औषध फुफ्फुसात जाऊ शकते.

फुटलेल्या गाठींवर :
• कुप्पी (खोकली), कडुनिंब, तुळस व मेंदीचा पाला प्रत्येकी एक मूठ, लसूण १० पाकळ्या, हळद २० ग्रॅम वाटून ५०० मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात उकळा.
• थंड झाल्यावर, जखम स्वच्छ धुऊन कोरडी करून लावा.
• जखमेत अळ्या असतील तर सीताफळाच्या पाल्याचा लेप पहिल्या दिवशीच लावा.

जखम स्वच्छ राहिली, माश्या बसल्या नाहीत आणि जनावर खात-पीत राहिले, तर ते लवकर सावरते.

या चुका टाळा

• पाला चालू आहे म्हणून डॉक्टरांना उशिरा बोलावू नका. ताप, गाठींत पू, पायांवर सूज, धाप किंवा खाणे बंद, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला कळवा. जिवाणूंचा संसर्ग वाढून न्यूमोनिया झाला, तर झाडपाला पुरत नाही.
• दिसेल तो पाला वापरू नका. घाणेरी (टणटणी) यकृताला विषारी आहे.
• टॅनिन जास्त गेले तर चाऱ्यातील प्रथिने नीट पचत नाहीत. म्हणून मात्रा मनाने वाढवू नका.

खरे संरक्षण लसीचे

निरोगी जनावरांना शेळ्यांच्या देवीची (गोट पॉक्स) लस दिली जाते. लसीनंतर प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून साथ गावात येण्याआधीच टोचून घ्या. आजारी जनावराला लस देऊ नका. त्याला वेगळे बांधा आणि त्याचा चारा-पाणीही वेगळे ठेवा. शेणाचा उकिरडा गोठ्यापासून दूर हलवा, पाणी साचू देऊ नका आणि गोचीड नियंत्रणाचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने फवारा.

लस वेळेवर, डॉक्टर पहिल्या दिवशी आणि पाल्याचे औषध सोबतीला, असा क्रम ठेवला तर घरच्या औषधाचा खर्चही वाया जात नाही आणि जनावरही वाचण्याची शक्यता वाढते.