चारही इंजिनं बंद, आणि विमान हवेत

24 जून 1982 ची रात्र. ब्रिटिश एअरवेजचं 9 क्रमांकाचं उड्डाण हिंदी महासागरावरून चाललं होतं. विमान होतं बोइंग 747, म्हणजे चार इंजिनांचं भलंमोठं जंबो. लंडनहून निघून ते मुंबईला थांबलं, पुढे क्वालालंपूरला थांबलं आणि आता ऑस्ट्रेलियातल्या पर्थकडे निघालं होतं. आत 248 प्रवासी आणि 15 कर्मचारी. रडारवर एकही ढग दिसत नव्हता. कॅप्टन एरिक मूडी नेमके त्याच वेळी उठून बाथरूमला गेले होते.

तेवढ्यात कॉकपिटच्या काचेवर निळसर ठिणग्या नाचायला लागल्या. मागे बसलेल्या प्रवाशांना खिडकीतून इंजिनं दिसत होती. आत कुणीतरी दिवा लावून ठेवावा तशी ती उजळली होती. केबिनमध्ये धुराचा वास यायला लागला. तेव्हा विमानात सिगारेट ओढायला परवानगी असायची, त्यामुळे आधी सगळ्यांना वाटलं, हा सिगारेटचाच धूर. पण मग त्याला गंधकाचा वास येऊ लागला.

कॅप्टन धावत परत आले. आणि चौथ्या क्रमांकाचं इंजिन बंद पडलं. मिनिटभराच्या आत दुसरं गेलं. पाठोपाठ पहिलं आणि तिसरं. फ्लाइट इंजिनिअर बॅरी टाउनली-फ्रीमन ओरडले, विश्वासच बसत नाही, चारही इंजिनं बंद पडली!

विमान 37 हजार फुटांवर, खाली काळाकुट्ट समुद्र आणि एकही इंजिन चालू नाही. आता ते दगडासारखं खाली पडणार, असंच वाटतं ना? ते तसं पडलं नाही. का, ते आधी बघू.

कागदाचं एक विमान करा आणि हळूच सोडा. त्याला कुठे असतं इंजिन? तरी ते खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातं. विमानाला उचलून धरतात ते त्याचे पंख. पंख हवेतून वेगानं पुढे सरकतो, वाटेतली हवा खाली ढकलतो आणि ती हवा पंखाला वर ढकलते. इंजिनाचं काम हा पुढे जाण्याचा वेग टिकवून ठेवण्याचं. इंजिन थांबलं, तर पायलट विमानाचं नाक किंचित खाली करतो. मग विमान हवेतून तिरकं खाली सरकत राहतं आणि इंजिनानं दिला असता तो वेग गुरुत्वाकर्षण देतं. मात्र नाक हट्टानं वरच धरून ठेवलं तर वेग मरतो, आणि मग पंख खरोखरच काम सोडून देतो.

जंबो जेट एक किलोमीटर खाली येईपर्यंत साधारण पंधरा किलोमीटर पुढे जातं. म्हणजे 37 हजार फुटांवरून सगळी इंजिनं बंद असताना ते जवळजवळ 170 किलोमीटर तरंगत जाऊ शकतं. त्याला वीसेक मिनिटं लागतात. तुम्ही विमानात बसला असाल तर असं काहीसं तुम्ही अनुभवलंही आहे! उतरण्याआधी इंजिनांचा आवाज एकदम कमी होतो, आठवतंय? तेव्हा पायलटनं इंजिनं अगदी मंद करून ठेवलेली असतात आणि विमान बराच वेळ जवळपास घसरतच खाली येत असतं.

तर कॅप्टन मूडींच्या हातात वीसेक मिनिटं होती. या वेळात काय करायचं, आणि कुठल्या क्रमानं?

पायलट होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना जगभर सुरुवातीपासून तीन गोष्टी घोकायला लावतात. आधी विमान उडवा. मग कुठे जायचं ते ठरवा. मग बोला. हा क्रम बदलायचा नाही. धोक्याचे दिवे लागलेले असतात, घंटा वाजत असते आणि माणसाचं सगळं लक्ष त्या घंटेकडे ओढलं जातं. म्हणून कॉकपिटमध्ये कामं वाटलेली असतात. एक पायलट फक्त विमान उडवतो आणि दुसरा बिघाडाकडे बघतो. हे मला फार मोलाचं वाटतं. कितीही आग लागो, धूर येवो, एक माणूस असा हवाच, ज्याचं लक्ष विमान सरळ ठेवण्यावरून हलत नाही.

चारही इंजिनं एकदम जाणं ही फार म्हणजे फारच दुर्मिळ गोष्ट. एखादं इंजिन जाणंही क्वचितच घडतं. कित्येक पायलट अख्ख्या नोकरीत एकदाही ते अनुभवत नाहीत. तरीही दर सहा महिन्यांनी त्यांना सिम्युलेटरमध्ये बसवून त्यांचं इंजिन मुद्दाम बंद पाडतात! सिम्युलेटर म्हणजे हुबेहूब कॉकपिटची खोली. ती यंत्राच्या पायांवर उभी असते आणि खऱ्या विमानासारखी कलते, हादरते. परीक्षकाला आवडणारी वेळ ठरलेली. विमान धावपट्टीवर सुसाट पळत असताना, अगदी उडायच्या बेतात असताना, धाड्! एक इंजिन गेलं.

इथे एक गंमत बघण्यासारखी आहे. प्रत्येक उड्डाणाआधी विमानाचं वजन, धावपट्टीची लांबी, वारा, तापमान असं सगळं लक्षात घेऊन एक वेग काढलेला असतो. त्याला म्हणतात व्ही-वन. या वेगाच्या आत इंजिन गेलं तर ब्रेक लावून धावपट्टीवर थांबता येतं. तो वेग ओलांडला की थांबायचा विचारही करायचा नाही, कारण पुढे पुरेशी धावपट्टीच उरलेली नसते. विमान धावायला लागतं तेव्हा कॅप्टनचा हात इंजिनांच्या लिव्हरवर असतो, गरज पडली तर झटकन मागे ओढायला. ‘व्ही-वन’ अशी हाक आली की तो हात लिव्हरवरून उचलला जातो. चुकूनसुद्धा मागे ओढायचा मोह होऊ नये म्हणून! आता उडायचंच. आणि उडता येतंच. दोन इंजिनांच्या विमानाला एका इंजिनावर वर चढता आलंच पाहिजे, हे सिद्ध केल्याशिवाय ते विमान प्रवासी घेऊन उडूच शकत नाही.

पण ते उडताना वाकडं जायला बघतं. बैलगाडीच्या जोडीतला एक बैल मटकन बसला तर दुसरा ओढतच राहतो आणि गाडी बसलेल्या बैलाकडे वळते. विमानाचंही तसंच. डावं इंजिन गेलं की नाक डावीकडे वळायला लागतं. मग पायलट उजव्या पायानं पेडल दाबून धरतो. त्यामुळे शेपटीवरचं सुकाणू, म्हणजे रडर, वळतं आणि नाक सरळ येतं. चांगला जोर लावावा लागतो हं! चाकं पोटात घेतली जातात, विमान चढत राहतं आणि साधारण चारशे फुटांपर्यंत बिघडलेल्या इंजिनाच्या लिव्हरला कुणी हातही लावत नाही.

त्यानंतर बिघडलेलं इंजिन बंद करायचं, तेही सावकाश. एक पायलट लिव्हरवर हात ठेवून विचारतो, “एक नंबर?” दुसरा स्वतः बघून सांगतो, “एक नंबर, बरोबर.” मगच लिव्हर मागे. इतकी साधी गोष्ट दोघांनी मिळून कशाला? 8 जानेवारी 1989 ला इंग्लंडमध्ये केगवर्थ गावाजवळ एक बोइंग 737 कोसळलं. त्याचं डावं इंजिन बिघडलं होतं आणि घाईत बंद केलं गेलं उजवं, चांगलं चालणारं. 47 माणसं गेली. म्हणून दुसऱ्यानं होकार दिल्याशिवाय ती लिव्हर हलवायची नाही.

चला, परत जंबोकडे. तिथे कॉकपिटमध्ये तिघं होते. कॅप्टन मूडी विमान सांभाळत होते. फर्स्ट ऑफिसर रॉजर ग्रीव्हज यांनी रेडिओवरून ‘मेडे’ म्हणजे संकटाची हाक दिली आणि चारही इंजिनं बंद असल्याचं सांगितलं. जकार्ताच्या नियंत्रकाला वाटलं, फक्त चौथं इंजिन बंद पडलंय! चार इंजिनं एकदम बंद पडतात, हे त्याच्या मनात येणार तरी कसं? शेवटी जवळून जाणाऱ्या गरुडा कंपनीच्या विमानानं मधे पडून निरोप नीट पोहोचवला. टाउनली-फ्रीमन इंजिनं परत सुरू करायच्या खटपटीत होते. इंधन द्यायचं, ठिणगी द्यायची, बघायचं. नाही? पुन्हा पहिल्यापासून.

त्यातच नवं संकट आलं. केबिनमधली दाबाची हवा इंजिनांकडूनच येते. इंजिनं बंद, म्हणजे आतली हवा विरळ होत चाललेली. तिघांनी ऑक्सिजनचे मास्क ओढले, आणि ग्रीव्हज यांच्या मास्कची नळीच निसटून हातात आली.

आता मूडींपुढचा पेच बघा. इंजिन नसलेल्या विमानाची सगळी पुंजी म्हणजे त्याची उंची. जितके फूट हातात, तितकी मिनिटं हातात. पण शेजारच्या माणसाला श्वास घेता येत नव्हता. मूडींनी नाक खाली घातलं आणि हजारो फूट भराभर खर्च करून टाकले, जिथे नुसत्या हवेत श्वास घेता येईल तिथे लवकर पोहोचण्यासाठी. या सगळ्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त आवडतो तो हा निर्णय. ग्रीव्हज यांनी नळी कशीबशी जोडली आणि ते पुन्हा कामाला लागले.

मग मूडींनी प्रवाशांना सांगितलं ते साधारण असं: एक छोटी अडचण आली आहे. चारही इंजिनं बंद पडली आहेत. ती सुरू करायची आम्ही जिवापाड खटपट करतोय. आपल्याला फार त्रास होत नसेल अशी आशा आहे. ही घोषणा पुढे जगभर गाजली.

आता पर्थ सोडून जकार्ताला पोहोचायचं होतं, पण वाटेत जावा बेटाचे डोंगर होते. ते ओलांडायला किमान साडेअकरा हजार फूट उंची हवी. मूडींनी ठरवून टाकलं, बारा हजार फुटांपर्यंत इंजिन सुरू झालं नाही तर मागे वळायचं आणि विमान समुद्रावर उतरवायचं. अंधारात, लाटांवर. जंबो जेट समुद्रावर कुणीच कधी उतरवलं नव्हतं.

साडेतेरा हजार फुटांच्या आसपास घरघर झाली. चौथं इंजिन! सगळ्यात आधी बंद पडलेलंच सगळ्यात आधी जागं झालं. मग तिसरं, मग उरलेली दोन्ही. विमान डोंगरांसाठी जरा वर चढलं, तर पंधरा हजार फुटांवर काचेवर पुन्हा तोच निळा उजेड. मूडींनी लगेच इंजिनांची ताकद कमी करून विमान खाली आणलं. तेवढ्यातही दुसरं इंजिन धडधडायला लागलं आणि ते बंद करावं लागलं. तीन इंजिनांवर विमान जकार्ताच्या हलीम विमानतळाकडे आलं.

समोरची काच मात्र धूसर झालेली, जणू धुकं दाटलंय. विमानतळावरून तर कळत होतं की हवा स्वच्छ आहे! धावपट्टीचे दिवे काचेच्या एका चिंचोळ्या पट्टीतून तेवढे दिसत होते. किती उंचीवरून यायचं हे सांगणारी विमानतळावरची यंत्रणाही त्या रात्री बंद होती. मग ग्रीव्हज धावपट्टी किती दूर आहे ते बघत गेले आणि या अंतरावर एवढी उंची हवी, त्या अंतरावर तेवढी, असं मोठ्यानं सांगत राहिले. मूडी तसं विमान उतरवत गेले. विमान टेकलं. कुणालाही साधं खरचटलंसुद्धा नाही.

पण झालं काय होतं? जावा बेटावरचा गालुंगगुंग ज्वालामुखी एप्रिलपासून उसळत होता. त्याच्या राखेच्या ढगात विमान शिरलं होतं. ही राख म्हणजे चुलीतली मऊ राख नव्हे. ती म्हणजे खडक आणि काच यांचा बारीक, धारदार चुरा. विमानाचं रडार ढगातलं पाणी ओळखतं आणि राख असते कोरडी, म्हणून ती पडद्यावर दिसलीच नाही. चुऱ्यानं काच घासून आंधळी केली. घर्षणानं वीज तयार झाली आणि त्या निळ्या ठिणग्या उठल्या. इंजिनाच्या पोटात हजार अंशांहून जास्त उष्णता असते. तिथे ही राख वितळली, आतल्या पात्यांवर चिकटली, हवेची वाट बुजली आणि इंजिनं गुदमरली. बंद पडल्यावर ती थंड झाली. चिकटलेली काच कडक झाली, तडकली आणि तिचे तुकडे निखळून पडले. शिवाय विमान राखेच्या खाली आल्यानं स्वच्छ हवा मिळाली. म्हणूनच आधी जे जमत नव्हतं, ते पुढे जमून गेलं. टाउनली-फ्रीमन पुन्हा पुन्हा तीच खटपट करत राहिले म्हणून तो क्षण सापडला.

पुढे इंजिनं आणि काच बदलावी लागली. इंधनाच्या टाक्यांतही राख शिरली होती. ते सगळं इंधन फेकून द्यावं लागलं.

आता पायलटांना शिकवतात, राखेत सापडलात तर इंजिनांची ताकद वाढवू नका, कमी करा आणि आल्या वाटेनं मागे वळा. इंजिन जितकं थंड, तितकी राख कमी वितळते. आणि राखेच्या ढगांवर पाळत ठेवायला जगात नऊ केंद्रं आहेत. उपग्रहांची छायाचित्रं बघून ती विमानांना सावध करतात. इंडोनेशियाच्या ज्वालामुखींवर नजर असते ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरातल्या केंद्राची. आपल्या अंदमानातलं बॅरन बेटही त्याच केंद्राच्या देखरेखीखाली येतं. तिथला ज्वालामुखी धुमसला की आधी डार्विनहून सूचना निघते आणि मग त्या भागातली विमानं आपली वाट बदलतात.