पैशाला पैसा, वर पॉइंट

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये माणशी आठवड्याला चहा मिळे 2 औंस, म्हणजे जेमतेम 57 ग्रॅम. साखर 8 औंस. मांस मात्र वजनावर नव्हतंच. बराच काळ ते मिळे 1 शिलिंग 2 पेन्सचं! तेवढ्यात लुसलुशीत मांसाचा छोटा तुकडा घ्या, नाहीतर चिवट, हाडाळ मांस जास्त घेऊन रस्सा वाढवा. जनावराचा चांगला भाग कोणाला द्यायचा, हे भांडणच मिटलं.

ब्रिटनचं बरंचसं अन्न जहाजांनी येई आणि जर्मन पाणबुड्या ती जहाजं बुडवत. म्हणून जानेवारी 1940 मध्ये बेकन, लोणी आणि साखरेवर रेशन आलं. प्रत्येकाने आपला दुकानदार ठरवून तिथे नाव नोंदवायचं. जितकी नावं, त्या हिशोबाने दुकानाला माल.

पण डबाबंद मासे, घेवडा यांचं काय? माल इतका थोडा, की सगळ्यांना वाटा पुरणारच नाही. त्यावर डिसेंबर 1941 मध्ये पॉइंट निघाले, म्हणजे जणू दुसरं चलनच. डब्याला पैसे तर मोजायचेच, वर पॉइंटही द्यायचे. आणि पॉइंट लॉर्डसाहेबाला नि हमालाला सारखेच. एखादा डबा हातोहात खपू लागला की अन्नखातं त्याचे पॉइंट वाढवी, पडून राहिला की उतरवी. बाजाराची हुशारी सगळी घेतली, त्यातली श्रीमंती तेवढी वजा केली!

एवढ्यावर माणूस धडधाकट राहील का? केंब्रिजच्या एल्सी विडोसन आणि रॉबर्ट मॅकन्स यांनी सहकाऱ्यांसह तीन महिने मोजकंच खाल्लं. पाव, बटाटे, भाज्या मात्र पोटभर. मग ऐन थंडीत लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर चढून पाहिले. दम टिकला! गॅसचा त्रास झाला खरा. उणीव निघाली कॅल्शियमची, कारण कोंड्यातला एक घटक ते अंगी लागू देत नाही. मग देशाच्या पिठात चक्क खडूची पूड मिसळली गेली. तिथल्या पांढऱ्या पिठात आजही कायद्याने कॅल्शियम घालावं लागतं.

पाव मात्र युद्धभर खुला होता. त्यावर रेशन आलं जुलै 1946 मध्ये, म्हणजे जिंकल्यावर! जगभर धान्याची टंचाई होती, आणि हरलेल्या जर्मनीतला ब्रिटिश ताब्यातला मुलूखही आता ब्रिटनलाच जगवायचा होता.