एकचाकी सायकलीचे पायडल

एकचाकी सायकलीचे पायडल हा त्या वाहनाचा असा भाग आहे की, ज्यावर पाय ठेवून स्वार चाकाला गती देतो, ती रोखतो आणि तोलही सांभाळतो. साध्या एकचाकीत साखळी, फ्रीव्हील व ब्रेक यांपैकी काहीच नसते. पायडल क्रँकला आणि क्रँक थेट चाकाच्या आसाला जोडलेला असतो. परिणामी पायडल थांबले की चाक थांबते आणि पायडल उलटे फिरवले की चाक मागे येते. एकचाकीची पायडले बहुधा दुचाकीचीच असतात. मात्र त्यांची निवड व जोडणी करताना काही वेगळ्या गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते.

दुचाकीशी तुलना

वीस इंची चाकाची एकचाकी पायडलाच्या एका फेऱ्यात सुमारे 1.6 मीटर पुढे जाते. मोठ्या चाकाची साधी दुचाकी तेवढ्याच फेऱ्यात पाच मीटरांच्या आसपास अंतर कापते. म्हणजे सारखेच अंतर जाण्यासाठी एकचाकीचे पायडल तिपटीहून अधिक वेळा फिरते. शिवाय दुचाकीस्वार उतारावर पाय स्थिर ठेवू शकतो. एकचाकीस्वाराला ती सवलत नाही. जागच्या जागी तोल राखताना तो पायडले अर्धा फेरा पुढे, अर्धा फेरा मागे अशी सतत हलवत असतो. एकचाकी पडली म्हणजे जमिनीवर प्रथम आपटतात ती पायडले आणि आसन. नवशिक्याची एकचाकी तर दिवसातून शेकडो वेळा पडते.

आटे व त्यांची दिशा

पायडलाच्या आसाला आटे असतात व तो क्रँकच्या भोकात फिरवून बसवतात. प्रचलित माप 9/16 इंच व्यासाचे, इंचाला 20 आटे असे आहे. काही लहान मुलांच्या सायकलींत, दोन्ही बाजूंचा क्रँक एकाच वाकवलेल्या सळईचा असतो तेथे, 1/2 इंचाचे माप आढळते. ही दोन मापे एकमेकांत बसत नाहीत.

उजव्या पायडलाचे आटे नेहमीप्रमाणे सुलटे, तर डाव्याचे उलटे असतात. यामागचे कारण एका सोप्या प्रयोगाने समजते. डाव्या मुठीत पेन्सिल सैल धरून तिचे बाहेरचे टोक वर्तुळात फिरवावे. पेन्सिल स्वतःभोवती विरुद्ध दिशेने गरगरते. पायडल मारताना पायाचा भार सतत खालच्या दिशेने असतो, पण क्रँक फिरत असल्यामुळे क्रँकच्या दृष्टीने त्या भाराची दिशा सारखी बदलत राहते. भोकातील अत्यल्प फटीत पायडलाचा आस मुठीतल्या पेन्सिलीसारखा हळूहळू घरंगळतो. आट्यांची दिशा योग्य असेल तर हे घरंगळणे पायडल घट्ट करते आणि अयोग्य असेल तर सैल करते. छर्‍यांच्या घर्षणाचा परिणाम याच्या उलट असतो, परंतु तो तुलनेने क्षीण असतो. विमानाचे जनक राइट बंधू आधी सायकलींचे कारखानदार होते. आपली पायडले सुटून येणार नाहीत, अशी जाहिरात त्यांनी डाव्या पायडलाच्या उलट्या आट्यांच्या बळावर केली होती.

बाजूंची अदलाबदल

दुचाकीला पुढची व मागची बाजू उघड दिसते. एकचाकीचा सांगाडा मात्र दोन्हीकडून जवळपास सारखाच असतो. पंक्चर काढण्यासाठी उतरवलेले चाक परत बसवताना उलटे बसले, किंवा आसन फिरले, तरी वाहन चालते. काही बिघडल्याचे जाणवतही नाही. प्रत्यक्षात डावा क्रँक स्वाराच्या उजव्या पायाखाली आलेला असतो, आणि प्रत्येक फेऱ्यागणिक दोन्ही पायडले सैल होऊ लागतात. सैल पायडलाचा पोलादी आस ॲल्युमिनियमच्या क्रँकमधील मऊ आटे खातो. अखेर पायडल भोकातून उपसून येते व स्वार पडतो. नव्या एकचाकीच्या तक्रारींत ‘पायडल निकृष्ट आहे’ असे म्हटले जाते, तेव्हा पुष्कळदा खरा दोष हा असतो. पायडलाच्या व क्रँकच्या टोकावर ‘एल’ (डावे) व ‘आर’ (उजवे) ही रोमन अक्षरे कोरलेली असतात. आसनाचे तोंड पुढे करून ‘एल’ डाव्या हाताला आहे ना, हे पाहणे पुरेसे ठरते. तसे नसेल तर पायडले काढू नयेत. चाक किंवा आसन फिरवावे.

बरोबर जोडलेली एकचाकी मागे चालवताना भाराची ही फिरत उलट होते. म्हणून जो मागे जाण्याचा व जागच्या जागी झुलण्याचा सराव करतो, त्याने पायडलांची घट्टाई वरचेवर तपासणे इष्ट.

निवड

नवशिक्यासाठी रुंद, सपाट, प्लॅस्टिकची पायडले योग्य समजली जातात. ती हलकी असतात, फरशीवर ओरखडे काढत नाहीत व नडगीवर आपटली तरी खोल जखम करत नाहीत. खडबडीत वाटांवर आणि उड्यांच्या प्रकारांत धातूच्या खिळ्यांची पायडले वापरतात. त्यांवर पाय घट्ट राहतो, पण नडगीसंरक्षक बांधणे आवश्यक असते. रबरी ठोकळ्यांची पायडले ओल्या पायताणाखाली निसरडी होतात. पाय जखडून ठेवणारे पट्टे किंवा कुलूपवजा पायडले नवशिक्याने पूर्णपणे टाळावीत, कारण तोल जाताच पाय मोकळा होऊन जमिनीवर टेकला पाहिजे.

महाराष्ट्रात एकचाकी लोकांनी पाहिली ती मुख्यतः सर्कशीत. विष्णुपंत छत्रे यांनी 1880 मध्ये पहिली भारतीय सर्कस उभी केली, आणि पुढे सायकलीवरील कसरती हा भारतीय सर्कशींचा ठरलेला भाग झाला. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात एकचाकीचे स्वतंत्र साहित्य सहसा दुकानात मिळत नाही. पण मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली देण्यात येणाऱ्या जिल्ह्यांत हिंगोलीही आहे, आणि साध्या सायकलीचे 9/16 इंची पायडल एकचाकीला चालते. दुकानात जाताना जुने पायडल सोबत न्यावे, म्हणजे मापाचा घोळ होत नाही.

बसवणे

क्रँकमधील व पायडलाचे आटे कापडाने स्वच्छ पुसून त्यांना थोडे ग्रीस लावतात. ग्रीस नसल्यास पोलाद व ॲल्युमिनियम कालांतराने एकमेकांना धरून बसतात. सुरुवातीचे तीन-चार फेरे पाना न लावता बोटांनीच द्यावेत. पायडल बोटांनी फिरत नसेल, तर ते तिरके लागले आहे किंवा बाजू चुकली आहे. अशा वेळी पान्याचा जोर म्हणजे आट्यांचा नाश. नंतर 15 मिमीच्या पान्याने, किंवा आसाच्या टोकाला षट्कोनी खाच असल्यास ॲलन कीने, सुमारे 35 ते 40 न्यूटन-मीटर इतके आवळतात. दिशेची खूण अशी: पाना वरच्या बाजूला धरून पुढे ओढला की दोन्ही पायडले घट्ट होतात, मागे ओढला की सुटतात. पहिल्या दोन-तीन सरावांनंतर पुन्हा एकदा आवळावे.

चालवताना पायाखाली ‘टक्’ असा आवाज येऊ लागल्यास लगेच उतरून पायडल तपासावे. आटे थोडेच दुखावले असतील तर टॅप फिरवून ते सुधारता येतात. डाव्या क्रँकसाठी उलट्या आट्यांचा टॅप लागतो. आटे पूर्ण गेले असतील तर भोक मोठे करून पोलादी बुश बसवून घेता येते, अन्यथा क्रँकच बदलावा लागतो.